डिस्प्ले चष्मा आणि व्हीआर हेडसेट: दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं चष्म्याचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गल्लीतला एक मुलगा गॉगलसारखं दिसणारं एक यंत्र घेऊन आला आणि म्हणाला, "काका, ह्यात माझ्या नंबरच्या काचा बसवून देता काय?" तेव्हापासून अशी गिऱ्हाइकं वाढतच गेली. सिनेमासाठी घेणारे आहेत, गेमसाठी घेणारे आहेत, पुण्याच्या कंपनीचं काम कोल्हापुरात बसून करणारेही आहेत. काचा बसवता बसवता प्रश्न येतात आणि बहुतेक वेळा तेच तेच येतात. पैसे घालून बसलेल्या माणसाला "हे तुमच्या फोनला चालणार नाही" असं सांगणं जिवावर येतं. म्हणून घेण्याआधीच वाचता यावीत अशी ही उत्तरं लिहून ठेवली आहेत. मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, चष्मे करणारा माणूस आहे. साहजिकच मी सगळ्याकडे आधी डोळ्यांच्या बाजूने बघतो.

डिस्प्ले चष्मा आणि व्हीआर हेडसेट हे एकच का?

नाही, आणि बरीचशी फसगत इथंच होते.

डिस्प्ले चष्मा म्हणजे डोळ्यांपुढचा मॉनिटर. एक्सरिअल, रोकिड, विट्युअर ही त्यातली नावं. वजन ७०-८० ग्रॅमच्या आसपास, काडीतून एक वायर निघते आणि ती फोनला, लॅपटॉपला किंवा गेमच्या यंत्राला जोडायची. त्यात स्वतःची बॅटरी नसते. समोरचं यंत्र जे चित्र देईल तेच दिसतं. आत प्रत्येक डोळ्यासाठी अर्धा-पाऊण इंचाचा, नखाएवढा ओएलईडी पडदा असतो आणि आरशा-भिंगांच्या जोडणीने तो लांबवर मोठा होऊन दिसतो.

व्हीआर हेडसेट म्हणजे तोंडावर बांधायचा अख्खा संगणक. मेटा क्वेस्ट ३ (२०२३) ५१५ ग्रॅमचा आहे. त्यात प्रोसेसर, बॅटरी, कॅमेरे सगळं आतच. तो तुमच्या डोक्याची आणि हातांची हालचाल ओळखतो, मान वळवली की आतलं जगही वळतं. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत आलेला ॲपल व्हिजन प्रो त्याच जातीचा, त्याची बॅटरी वायरने बाहेर खिशात ठेवायची असते. तिकडे क्वेस्ट ३ निघाला तेव्हा ५०० डॉलरला होता, व्हिजन प्रो ३,४९९ डॉलरला.

फक्त सिनेमे बघायचे असतील तर चष्मा. हात हलवून, उठून-वाकून खेळायचं असेल तर हेडसेट. दोन्ही एकातच हवं असेल तर हेडसेट, पण मग अर्धा किलो वजन तोंडावर घेऊन अडीच तासांचा सिनेमा बघायची तयारी ठेवा.

हे सगळं अगदी नवीन आहे ना?

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्येच डोक्यावर लावायचा पडदा तयार केला होता. तो इतका जड होता की छताला टांगून ठेवावा लागे. सोनीने २०११ मध्ये एचएमझेड-टी१ नावाचा सिनेमा बघण्याचा डोक्याचा पडदा विकायला आणला, तोही ४०० ग्रॅमच्या घरात होता. नवीन काय असेल तर वजन उतरलं हे.

बाकी, बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा घडवला, जिथे १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, त्या गावातल्या माणसाला पडद्याची नवी वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करून बघावीशी वाटते, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

खोक्यावर "२०१ इंची पडदा" लिहिलंय. खरंच एवढा दिसतो का?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण बहुतेक लोक या एका आकड्यावर खरेदी करतात.

पडदा किती मोठा दिसतो हे इंचांवर नाही, तो डोळ्यांत किती कोन व्यापतो यावर ठरतं. चंद्र केवढा प्रचंड आहे, पण हात लांब करून करंगळी पुढे धरली की झाकला जातो. तसंच हे आहे. चष्म्याच्या खोक्यावर इंचांच्या शेजारी बारीक अक्षरांत अंतर लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. चार मीटरवरचा १३० इंची, सहा मीटरवरचा २०१ इंची आणि दहा मीटरवरचा ३३५ इंची हे तिन्ही पडदे डोळ्याला जवळजवळ सारखेच दिसतात: कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ४५-४६ अंश. म्हणजे ३३५ लिहिणाऱ्याचा चष्मा १३० लिहिणाऱ्यापेक्षा मोठा आहे असं काही नाही, त्याने फक्त अंतर वाढवून लिहिलं.

घरच्या घरी करून बघा. ५५ इंची टीव्हीसमोर साडेपाच फुटांवर खुर्ची ठेवून बसा. ४६ अंशांचा चष्मा तुम्हाला तेवढाच पडदा दाखवेल. किंवा १४ इंची लॅपटॉप डोळ्यांपासून ४२ सेंटीमीटरवर धरा, तोही तेवढाच. फरक इतकाच की चष्म्यातलं चित्र लांब असल्यासारखं वाटतं, आजूबाजूचं घर दिसेनासं होतं आणि त्यामुळे थिएटरात बसल्याचा भास होतो. तो भास खरा आणि सुखाचा आहे, मी स्वतः त्याचा आनंद घेतो. पण "भिंतीएवढा पडदा" ही अपेक्षा घेऊन आलात तर पहिल्या पाच मिनिटांत मन खट्टू होईल.

म्हणून खोक्यावर "फील्ड ऑफ व्ह्यू" शोधा आणि त्याचे अंश बघा. इंच सोडून द्या.

माझा नंबर मायनस साडेचार आहे. माझ्या चष्म्यावरून लावता येईल का?

हेडसेटमध्ये बहुतेक वेळा होतं, फ्रेम फार रुंद नसेल तर. तरी तुमच्या काचा आणि हेडसेटची भिंगं एकमेकांना घासणार नाहीत याची खात्री करा. एकदा ओरखडा पडला की तो कुठल्याच कोटिंगने जात नाही.

डिस्प्ले चष्म्याचं तसं नाही. चष्म्यावर चष्मा नाकावर नीट बसत नाही, चित्राचा खालचा-वरचा भाग कापला जातो. तिथे तीन वाटा आहेत. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर प्रश्नच मिटला. दुसरी वाट म्हणजे आत बसवायची छोटी फ्रेम, जी काही कंपन्या खोक्यातच देतात. तिच्यात तुमच्या नंबरच्या काचा कुठलाही चांगला चष्मेवाला बसवून देईल. तिसरी वाट, काही मॉडेलांत नंबर जुळवायच्या चकत्या असतात. रोकिड मॅक्समध्ये शून्यापासून मायनस सहापर्यंत चकती फिरवता येते. मात्र ही चकती फक्त साधा मायनस नंबर भरून काढते. सिलिंडर, म्हणजे एका दिशेला वेगळा पडणारा नंबर, असेल, तोही पाऊण-एकच्या पुढे, तर अक्षरांच्या कडा पसरलेल्याच दिसणार. प्लस नंबरवाल्यांनाही तिचा उपयोग नाही. आपल्या नंबराच्या कागदावर सिलिंडरचा रकाना रिकामा आहे की भरलेला, ते घेण्याआधी बघा.

आणि "माझा नंबर फक्त मायनस एक आहे, बिनचष्म्याचं चालवून घेईन" असं म्हणू नका. मायनस एकच्या माणसाला एक मीटरपर्यंतच स्वच्छ दिसतं. हा पडदा डोळ्याच्या हिशोबाने त्यापलीकडे असतो.

मला चाळिशीचा चष्मा आहे. पडदा डोळ्याच्या इतका जवळ, म्हणजे जवळचा नंबर घालायचा ना?

नाही, लांबचा. पडदा डोळ्यापासून दोन-तीन सेंटीमीटरवर असला तरी भिंगं त्याचं चित्र काही मीटर लांब नेऊन ठेवतात, आणि डोळा त्या लांबच्या चित्रावरच फोकस करतो. लॅपटॉप अर्ध्या मीटरवर असेल तर डोळ्याला दोन डायॉप्टरचा (नंबर मोजायचं माप) जोर लावावा लागतो, चार मीटरवरच्या चित्राला पाव डायॉप्टर पुरतो. चाळिशी उलटलेल्या माणसाला हे यंत्र फोनपेक्षा सोपं जातं ते यामुळेच.

आतल्या फ्रेमला बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काचा मात्र बसवून घेऊ नका. साधी, एकाच नंबराची काच हवी. अडचण फक्त कीबोर्डकडे खाली बघताना येते: तिथे जवळचा नंबर लागतो आणि तो नसतो. बघून टाईप करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

पीडी म्हणजे काय? ऑनलाइन काचा मागवताना विचारतात.

दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. मोठ्या माणसांत सरासरी ६३ च्या आसपास, पण ५५ ची बाई आणि ७२ चा गडी माझ्या दुकानात एकाच दिवशी येतात. भिंगांचे मध्य तुमच्या बाहुल्यांसमोर आले नाहीत तर चित्र दिसतं, पण दोन्ही डोळ्यांना ते एकत्र ओढून आणावं लागतं आणि अर्ध्या तासात कपाळ दुखू लागतं. "मला हे यंत्र सोसतच नाही" म्हणून विकायला निघालेल्या कितीतरी जणांचं दुखणं एवढंच असतं.

क्वेस्ट ३ ला हे अंतर जुळवायचं चाक आहे, ५८ ते ७१ पर्यंत. बहुतेक डिस्प्ले चष्म्यांत ते ठरलेलं असतं. एक्सरिअल वन प्रो दोन मापांत येतो, तिथे आपलं माप निवडावं लागतं. कुठल्याही चष्मेवाल्याकडे पीडी दोन मिनिटांत मोजून मिळते. आरशासमोर पट्टी धरून स्वतः मोजू नका, चार-पाच मिलिमीटरचा फरक सहज पडतो.

रोज वापरलं तर डोळे बिघडतील का?

मोठ्या माणसाचा नंबर या यंत्राने वाढतो असं म्हणायला आधार नाही. पण डोळे दमतात, आणि त्याची कारणं आहेत.

पहिलं, पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. घरात पंखा तोंडावर असेल तर आणखी. दुसरं कारण हेडसेटमधल्या थ्रीडी चित्राचं. प्रत्यक्षात एखादी वस्तू जवळ आली की डोळे आत वळतात आणि फोकसही जवळ येतो, दोन्ही कामं जोडीने होतात. हेडसेटमध्ये चेंडू तोंडासमोर आला की डोळे आत वळतात, फोकस मात्र एक-दोन मीटरवर ठरलेल्या जागीच ठेवावा लागतो. जन्मभराची जोडी तोडायला लावल्यावर डोळा थकणारच. साध्या, सपाट सिनेमात हा त्रास नसतो.

मी सांगतो ते असं: वीस मिनिटांनी यंत्र वर सरकवा, वीस फुटांपलीकडची वस्तू वीस सेकंद बघा, चारदोन वेळा पूर्ण पापण्या मिटा. सिनेमाला मध्यंतर होतं तसं मध्यंतर घ्या.

डोकं दुखणं, दोन-दोन चित्रं दिसणं हे यंत्राची नाकावर बसण्याची जागा आणि पीडी नीट करूनही थांबत नसेल, तर यंत्राला दोष न देता नेत्रतज्ज्ञांना दाखवा. डोळ्यांचा लपलेला तिरळेपणा असा पहिल्यांदा ध्यानात आलेली माणसं मी बघितली आहेत.

पोरगं मागं लागलंय. वय नऊ. घेऊन देऊ का?

नको.

मेटा स्वतः दहा वर्षांखालच्या मुलांना परवानगी देत नाही आणि दहा ते बाराच्या मुलांचं खातं आईवडिलांनी चालवायचं असतं. सोनीच्या प्लेस्टेशन व्हीआरची मर्यादा बारा, ॲपलची तेरा. शिवाय नऊ वर्षांच्या मुलाच्या बाहुल्यांमधलं अंतर इतकं कमी असतं की भिंगांचे मध्य जुळतच नाहीत. माझ्याकडे मायनस नंबरची लहान मुलं दरवर्षी जास्त येतात आणि ते बघून काळीज हलतं. रोज उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना मायनस नंबर लागण्याचा धोका कमी असतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. त्याला संध्याकाळी दिवस मावळायच्या आत रंकाळ्यावर न्या, सायकल द्या, तालमीत घाला. चौदा-पंधराचा झाला की मग बोलू.

माझ्या फोनला चालेल का?

फोनला यूएसबी-सीचं भोक आहे एवढ्याने भागत नाही. त्या भोकातून चित्र बाहेर पडायला हवं. त्याला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस मालिकेतल्या फोनांना एस८ पासून तो आहे, आयफोनला १५ पासून. वीस-पंचवीस हजारांच्या बहुतेक फोनांत यूएसबी २.० असतं, त्यातून फक्त चार्जिंग आणि फायली जातात, चित्र नाही.

सोपी परीक्षा: कुणाकडून तरी यूएसबी-सी ते एचडीएमआयची साधी जोडणी मागून आणा आणि फोन टीव्हीला लावा. टीव्हीवर फोनचा पडदा आला तर चष्म्यातही येईल. लॅपटॉपच्या भोकाजवळ डिस्प्लेपोर्टचं किंवा विजेच्या बाणाचं चिन्ह आहे का बघा.

चष्मा वीजही फोनचीच खातो. अख्खा सिनेमा बघायचा तर चार्जर मध्ये जोडता येईल असा ॲडॉप्टर असलेला बरा.

सगळं चालतं, पण नेटफ्लिक्स लावलं की पडदा काळा होतो.

आवाज येतो, चित्र नाही, असंच ना? चोरी रोखण्यासाठी या सेवा चित्राला एचडीसीपी नावाचं कुलूप घालून पाठवतात. मधला ॲडॉप्टर स्वस्तातला असेल आणि त्याला ते कुलूप उघडता येत नसेल तर काळं दिसतं. ॲडॉप्टर बदलून बघा. चित्र येतंय पण धुरकट आहे, तर फोनचं वाइडवाइन, म्हणजे चोरी रोखायची फोनमधली सोय, कुठल्या पातळीचं आहे ते बघा: एल१ ऐवजी एल३ असेल तर या सेवा एचडी पाठवतच नाहीत.

दिवसा चित्र फिकं दिसतं. माल खराब लागला का?

बहुधा नाही. डिस्प्ले चष्म्यात चित्र आरपार दिसणाऱ्या आरशावर पडतं. काळा रंग दाखवायचा म्हणजे तिथे उजेडच न पाठवणं, त्यामुळे सिनेमातल्या अंधाराच्या जागी मागची भिंत दिसते. सोबत येणारं काळं झाकण पुढे लावा. काही मॉडेलांत बटण दाबून काच गडद करता येते.

आणखी एक गोष्ट खोक्यावर कुणी लिहीत नाही. खालून येणारा उजेडही त्या आरशात उमटतो. पांढरा सदरा घालून खिडकीसमोर बसलात तर पडद्याच्या खालच्या भागात तुमच्याच छातीची पांढुरकी सावली तरंगते. गडद कपडा घाला किंवा मांडीवर काळी चादर टाका, लगेच फरक दिसेल.

गेमला कुठलं बरं?

तुम्ही कुठले गेम खेळता त्यावर. हातात कंट्रोलर धरून, बसून खेळायचे गेम असतील तर डिस्प्ले चष्मा झकास. स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र सरळ वायरने लागतं. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सला एचडीएमआय असतं, त्यांना मध्ये वीज देणारा ॲडॉप्टर लागतो. वायरमुळे बटण दाबणं आणि चित्र हलणं यात वायफायसारखी ढिलाई येत नाही.

हात-पाय हलवून खेळायचं तर हेडसेट, आणि मग आधी घर मोजा. साडेसहा फूट लांब, साडेसहा फूट रुंद मोकळी जागा हवी. आपल्याकडे तिसरं मापही महत्त्वाचं: छत. शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत तुळई हाताला लागते आणि नव्या घरांत पंखा. हात वर करून बघा, वर अजून एक हात जागा राहिली पाहिजे. पंखा बंद करा. माझ्या भाच्याने खेळता खेळता ट्यूबलाईट फोडली आणि बोटाला तीन टाके पडले. बाहेरचं काही दिसत नसताना माणूस किती जोरात हात फेकतो याची त्याला स्वतःला कल्पना नसते.

मला पाच मिनिटांतच मळमळतं.

थांबा. सवय होईल म्हणून रेटू नका.

डोळे सांगतात "आपण धावतोय", कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो "आपण खुर्चीत आहोत". दोघांचं जमेना की पोट ढवळतं. घाटात गाडी लागते ते हेच, फक्त उलट बाजूने. खुर्चीत बसून, जिथे तुमची जागा हलत नाही अशा गेमपासून सुरू करा, पहिला आठवडा दहा मिनिटांच्या वर जाऊ नका. पंख्याची झुळूक अंगावर असली की बऱ्याच जणांना बरं वाटतं. सेटिंगमध्ये ९० किंवा १२० हर्ट्झ (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते) निवडता येत असेल तर निवडा. मळमळलं की यंत्र उतरवा, बाहेर गॅलरीत उभे राहा, आणि त्यानंतर अर्धा तास तरी गाडी चालवू नका.

महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये, पुण्याच्या बसमध्ये वापरता येईल का?

डिस्प्ले चष्म्याचा खरा उपयोग मला इथेच दिसला. रात्रीच्या गाडीत वरच्या बर्थवर उताणं पडून सिनेमा बघायला मान वाकवावी लागत नाही, हात भरून येत नाही, शेजाऱ्याच्या डोळ्यावर उजेडही जात नाही.

एक सेटिंग बदला. काही चष्म्यांत पडदा हवेत एका जागी खिळवून ठेवायची सोय असते. घरात ती छान वाटते, पण गाडी वळली की चष्म्याला वाटतं तुमचंच डोकं वळलं, आणि पडदा हळूहळू खिडकीकडे सरकत जातो. प्रवासात पडदा डोक्याबरोबर हलेल असा ठेवा. हायवे सरळ असेल तोवर ठीक. आंबा घाट, गगनबावडा इथे काढून ठेवा. एकट्या बाईमाणसाने किंवा सामान जास्त असताना दोन्ही कानांत आवाज भरून बसू नये, एक कान मोकळा ठेवावा. गाडी चालवताना हे डोळ्यांवर असता कामा नये, दुचाकीच्या मागे बसतानाही नाही.

ऑफिसचं काम होईल का? मॉनिटर विकून टाकू?

मॉनिटर विकू नका.

अक्षर किती स्पष्ट दिसेल ते एका अंशात किती ठिपके बसतात त्यावर ठरतं. चांगली नजर एका अंशात साठेक ठिपके वेगळे ओळखते. अर्ध्या मीटरवरच्या १४ इंची फुल एचडी लॅपटॉपवर ५६ च्या आसपास मिळतात, डिस्प्ले चष्म्यात ४७-४८, क्वेस्ट ३ मध्ये २५ च्या आसपास. म्हणून हेडसेटमध्ये तीन-तीन मोठे पडदे मांडता येतात खरे, पण एक्सेलचे बारीक आकडे तासभर वाचले की डोळे मिटावेसे वाटतात. शिरोलीच्या एका फाउंड्रीत पॅटर्नची ड्रॉइंग करणारे एक गृहस्थ हेडसेट घेऊन आले होते. कॅडमधल्या बारीक रेषा मान हलली की थरथरत होत्या. मोजमापाचं काम त्यांनी परत मॉनिटरवर आणलं. तयार झालेला साचा गिऱ्हाइकाला चारही बाजूंनी फिरवून दाखवायला मात्र ते हेडसेटच वापरतात, आणि त्यासाठी तो खरंच सुंदर आहे.

चष्मा कामाला बरा पडतो तो ईमेल, लिखाण, व्हिडिओ एडिटिंगचा पहिला हात, असल्या गोष्टींना. अक्षर १२५ ते १५० टक्के करा. लाईट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर मोठा पडदा चालू राहतो, हा आपल्याकडे मोठाच फायदा. मान अवघडलेल्या माणसाला खुर्चीत मागे रेलून काम करता येतं हाही.

पावसाळ्यात काळजी काय घ्यायची?

जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या हवेत काच कोरडी राहत नाही. भिंगांवर बुरशीचे धागे उठतात, कॅमेरावाल्यांना ते माहीत आहे. वापर झाला की लगेच पेटीत बंद करू नका, घामाचा ओलावा उडू द्या, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. वळवाचा कडकडाट सुरू झाला की चार्जरची वायर काढा.

उन्हाळ्यात उलटी भीती. हेडसेटची भिंगं वर करून खिडकीत ठेवला तर ती भिंगं उन्हाचा कवडसा आतल्या पडद्यावर एकवटतात आणि पडदा जळतो. लहानपणी भिंगाने कागद जाळायचो तसंच. हा डाग दुरुस्त होत नाही. झाकण लावा, कपाटात ठेवा.

भिंग पुसायला सदऱ्याचं टोक, पदर, स्पिरिट काही वापरू नका. कोरडं मायक्रोफायबर बास. डोक्याला तेल लावून पट्टा बांधू नका, फोमची गादी आणि रबर फुगतात.

जुनं, वापरलेलं घ्यावं का?

घ्या, पण समोर बसून चालवून. पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून मेलेले ठिपके शोधा. भिंग तिरपं धरून उजेडात बघा. आधीच्या मालकाचं खातं त्याच्यादेखत काढून टाकायला लावा. तोंडाला लागणारी फोमची गादी नवी घाला. परदेशातून नातेवाइकाने आणलेल्या यंत्राची वॉरंटी इथे चालेलच असं नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाला याच कारणाने नव्यासारखा हेडसेट तसाच ठेवून द्यावा लागला.

एकाचं यंत्र दहा जणांनी लावायचं असेल तर प्रत्येक वेळी ती गादी पुसा. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ होती, तेव्हा मी दुकानातलं दाखवायचं यंत्र कपाटात टाकलं होतं. अजूनही कुणाचे डोळे लाल दिसले तर देत नाही, राग आला तरी चालेल.

फोन घालून वापरायचे हजार-दीड हजाराचे डबे कसे आहेत?

गूगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा काढला, जिओने २०२३ मध्ये क्रिकेट बघण्यासाठी जिओडाइव्ह काढला. व्हीआर म्हणजे काय हे एकदा बघायला छान. फोनचाच पडदा दोन डोळ्यांत वाटला जातो, त्यामुळे ठिपके दिसतात. सिनेमासाठी नको.

कुणी अजिबात वापरू नये?

फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पेसमेकर असेल तर तेच, कारण या यंत्रांत चुंबक आणि रेडिओ असतात. मोतीबिंदूची किंवा डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर सर्जन हो म्हणेपर्यंत थांबा. एकाच डोळ्याने दिसणाऱ्यांना थ्रीडी जाणवणार नाही, साधा सिनेमा मात्र व्यवस्थित बघता येतो.

घरातल्या सगळ्यांना मिळून बघता येतं का?

एका चष्म्यात एकच माणूस. पण वाट आहे, आणि ती मला आमच्या आबांमुळे सापडली.

आबा फुटबॉलचे वेडे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या संघाचा सामना असला की दुपारपासून घरात नसायचे. खुब्याचं हाड मोडल्यावर अंथरुणाला खिळले. सामने यूट्यूबवर लागतात, पण उताणं पडलेल्या माणसाला भिंतीवरचा टीव्ही दिसत नाही आणि फोन धरायला हात थरथरतो. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, लांबचा नंबर किरकोळ राहिलेला, थोडा सिलिंडर. मी आतल्या फ्रेमला काचा घासून बसवल्या आणि चष्मा लावला. छतावर मैदान दिसलं तेव्हा काही न बोलता त्यांनी माझा हात घट्ट धरला.

दहा मिनिटांनी चष्मा काढला. म्हणाले, "गोल झाला तर मी वरडू कुणासंगं?" मग लॅपटॉपची एचडीएमआय वायर टीव्हीला आणि यूएसबी-सी वायर चष्म्याला लावली, दोन्हीकडे तेच चित्र असं सेटिंग केलं. आबांना छतावर, आम्हाला टीव्हीवर, एकाच क्षणाला तोच सामना. आवाज टीव्हीचा ठेवला. तुमच्याही घरी कुणी असं पडून असेल तर हीच जोडणी करा. हेडसेट असेल तर त्याचं चित्र टीव्हीवर टाकायची सोय त्यातच असते, फक्त दोन्ही एकाच वायफायवर हवेत.

घेण्याआधी लावून बघता येईल का?

हो. माझ्याकडे दोन चष्मे आणि एक हेडसेट दाखवायला ठेवलेले आहेत. येताना स्वतःचा फोन, तुमचा रोजचा चष्मा आणि नंबराचा कागद आणा. कागद वर्षापेक्षा जुना असेल तर नंबर नव्याने तपासू. पीडी मोजून देतो, तुमच्या नंबराच्या काचा ट्रायलला लावतो, आणि तुम्ही निदान अर्धा तास बसून बघायचं. पाच मिनिटांत सगळ्यांनाच भारी वाटतं. सोमवारी दुकान बंद असतं. संध्याकाळी सहानंतर गर्दी होते, दुपारी आलात तर निवांत वेळ देता येईल.